चौथं आणि पाचवं

पैसा परत पडला. शहाबादी फरशीवर गोल गोल फिरत पियानोच्या पायापाशी गेला आणि आडवा झाला.

"उचल," आढावबाई म्हणाल्या. "आणि हात असा झटकू नकोस. तुझाच आहे."

मी पैसा उचलला. जुना तांब्याचा ढबू पैसा, झिजून गुळगुळीत झालेला. बाई तो रुमालाच्या गाठीतून काढायच्या, माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर ठेवायच्या, आणि मी पाच सुरांचा धडा वाजवायचा. अंगठा एक, करंगळी पाच. एकेक बोट उचलायचं आणि सोडायचं, बाकीच्या चारांनी जागा सोडायची नाही. बोटं हलली पाहिजेत, हात हलता कामा नये. हात कलला की पैसा पडणार.

एक, दोन, तीन नीट जायचे. चौथ्याची पाळी आली की हात एका बाजूला लवंडायचा. पाचव्याला पैसा फरशीवर.

"ही दोघं म्हणजे घरजावई," बाई हातातल्या पेन्सिलीनं माझ्या करंगळीवर आणि तिच्या शेजारच्या बोटावर टकटक करत म्हणाल्या. "जेवायला पहिल्या पंगतीला. काम सांगितलं की अंग मोडून येतं."

"सगळ्यांचीच असतात ना बाई अशी?"

"सगळ्यांची असतात. म्हणून सगळ्यांना वाजवता येत नाही. चल, पुन्हा."

आमच्या गावात पियानो एकच, देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मागच्या हॉलमधला. मिशनच्या मडमांनी जाताना ठेवलेला. पावसाळ्यात त्याच्या पट्ट्या फुगायच्या, एक तर दाबली की खालीच राहायची, तिला नखानं वर काढावं लागायचं. रविवारच्या उपासनेला बाई तो वाजवायच्या. आठवडाभर त्याच्यावर मी बसायची. आधी आम्ही पाचसहा मुली होतो. बाईंच्या तोंडामुळं एकेक गळाली. मी राहिले, कारण मला त्यांचं तोंड आवडायचं.

बाईंना कुणी नव्हतं. लग्न केलं नव्हतं. कुठल्यातरी मिशनच्या वसतिगृहात वाढल्या, तिथंच वाजवायला शिकल्या, एवढंच गावाला माहीत. नाताळला त्या आमच्याकडं जेवायला असायच्या आणि आईच्या हातच्या करंज्या नावं ठेवत ठेवत संपवायच्या.

त्या वर्षी मी बारावी झाले होते. पाचगणीच्या एका शाळेत लहान मुलांना पियानो शिकवायला मदतनीस हवी होती. राहायला खोली, जेवण, वर पगार. पण परीक्षेचा कागद पाहिजे होता. ती परीक्षा घ्यायला डिसेंबरात पुण्याला परदेशातून माणूस यायचा. बाईंनी शाळेला पत्र लिहून माझं नाव कळवलं होतं, आणि शाळेनं जागा नाताळपर्यंत धरून ठेवली होती. पास झाले तर पाचगणी. नाही तर पप्पांच्या ओळखीतलं कापडाचं दुकान होतंच, आणि त्या दुकानाला एक लग्नाचा मुलगाही होता.

पप्पा सुतार. घरी पियानो नाही म्हणून त्यांनी सागाची एक फळी रंधून गुळगुळीत केली आणि तिच्यावर मोजून मापून पट्ट्या आखल्या. पांढऱ्या रंगवल्या, काळ्यांना लाकडाच्या चिपा ठोकल्या. दाबली तरी खाली जायची नाही, वाजायची नाही. पप्पा म्हणाले, शेजारी तरी तक्रार करणार नाहीत. स्वयंपाकघरात डब्यांच्या रांगेपुढं ती फळी ठेवून मी सराव करायची. आई भाकऱ्या थापायची आणि तिच्याही नकळत माझ्याच तालात थापायची.

जून लागता लागता माझी करंगळी बिघडली.

बिघडली म्हणजे काय, ते मला नीट सांगता यायचं नाही. ती बाजूला पडायला लागली. शेजारच्या बोटापासून फुटून लांब उभी राहायची, रुसल्यासारखी. पट्टीवर ठेवली तर पुढचं पेर आत वळायचं. मी बाईंना दाखवलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि सोडून दिला.

"आळस," त्या म्हणाल्या. "ह्या दोघांना वेगळं काम द्यायला हवं."

तेव्हापासून धडा बदलला. एक, दोन, तीन नुसते दाबून धरायचे. काम करायचं ते चारानं आणि पाचानं. चार, पाच, चार, पाच, बोट जड होऊन पडेपर्यंत. घरी कणीक मळायची ती ह्याच दोन बोटांनी. धुतलेली चादर पिळायची ती ह्यांच्यावर जोर देऊन. आई म्हणायची, अगं पाणी राहतंय तिच्यात, दोन्ही हातांनी पीळ. मी म्हणायची, मला चादर वाळवायची नाहीये, बोट वळवायचंय. आई हसायची. पुढं ती ह्या बोलण्यावर कधी हसली नाही.

कोपर दुखायचं. आतल्या बाजूला, हाडापाशी, नुसता दाराचा धक्का लागला तरी झिणझिण्या थेट करंगळीत जायच्या. मी बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, दुखतंय म्हणजे जागं होतंय. मला पटलं. दंडाच्या खाली एक फिकट चट्टा होता, बंद्या रुपयाहून मोठा. त्याला आई शिबं म्हणायची आणि औषधाच्या दुकानातलं मलम लावायची. शिबं कुणाला नसतं.

मग दुखायचं थांबलं. ऑगस्टात कधीतरी माझ्या लक्षात आलं की करंगळीचं टोक आता हुळहुळत नाही, फळीवर कितीही आपटलं तरी. मला फार बरं वाटलं. बाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की वाजवणाऱ्याच्या बोटांची टोकं घट्ट होतात, दगडासारखी. मला वाटलं, झाली.

एके दिवशी मी भाकरी उलटत असताना आईनं माझा हात धरून तव्यापासून ओढला.

"हन्ना. बोट तव्यावर आहे तुझं."

पाहिलं तर करंगळीच्या कडेला हा एवढा फोड. आईनं थंड पाण्यात हात बुडवला, तेल लावलं, आणि विचारलं, "भाजलं तरी कळलं नाही तुला?"

"सरावानं कातडं जाड झालंय," मी म्हणाले. जरा तोऱ्यातच म्हणाले.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "एवढं जाड?" आणि तवा उतरवला.

परीक्षा जवळ आली. आता तुकडे, म्हणजे अख्ख्या रचना, वाजवायचे होते, नुसते धडे नाहीत. आणि तुकड्यांचं असं असतं की गाणं वरच्या सुरात असतं, आणि वरचा सूर उजव्या करंगळीचा. खालचं सगळं माझं छान वाजायचं. वरून मात्र काहीच यायचं नाही. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "भांडी ऐकू येतात, पोरी. बाईमाणसाचा आवाज कुठाय?" मी चिडून रडले. त्या म्हणाल्या, रडताना तरी मनगट खाली नको. आणि रुमालाची गाठ सोडून पैसा काढला.

तो दिवस आठवतो तो असा. बाहेर नाताळाच्या तयारीची झाडलोट चालली होती, हॉलच्या खिडकीतून धूळ आत येत होती. बाईंनी पैसा ठेवला आणि त्या खिडकी लावायला उठल्या. माझ्याकडं पाठ. मी सुरू केलं. एक, दोन, तीन. चौथं उचलायला गेले, हात लवंडला, मी दात आवळले आणि पैसा पडायची वाट पाहिली. आवाज आला नाही. पाचवं. तरी नाही. मी पुन्हा सगळं वाजवलं, वर गेले, खाली आले. पैसा नाही पडला.

"बाई," मी म्हणाले, "पडला नाही."

त्या वळल्या. चेहरा उजळला होता त्यांचा. तसा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या जवळ आल्या आणि खाली वाकून बघायला लागल्या.

पैसा हाताच्या पाठीवर नव्हता. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट ह्यांच्या मधे एक खळगा झाला होता, आणि पैसा त्यात जाऊन बसला होता. बशीत ठेवल्यासारखा. डाव्या हाताला तिथं मांसाचा उंचवटा होता. उजव्याला नुसतं कातडं.

बाईंनी दिवा लावला. माझ्यासमोर खुर्ची ओढली, माझा हात आपल्या मांडीवर घेतला.

"डोळे मीट. मी कुठंकुठं पेन्सिल लावीन. लागली की सांग."

मी डोळे मिटले. अंगठा, म्हणाले. मधलं बोट. पुन्हा अंगठा. तळहात, इकडची बाजू. मग बाई थांबल्या. मी वाट पाहिली. झाडूचा आवाज येत होता. बाहेर कुणीतरी कुणाला तरी शिडी धरायला सांगत होतं.

"झालं का बाई?"

मी डोळे उघडले. पेन्सिलीचं टोक माझ्या करंगळीवर होतं. नुसतं टेकवलेलं नव्हतं, रोवलेलं होतं. कातडीत खड्डा पडला होता. आणि बाई माझ्या बोटाकडं बघत नव्हत्या, माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"बाही वर कर," त्या म्हणाल्या.

मी केली. त्यांनी चट्टा पाहिला. कोपराच्या आतल्या बाजूला बोटानं चाचपलं आणि मी ओरडले. तिथं दोरीसारखं काहीतरी जाड होतं. मग त्यांनी पियानोचं झाकण लावलं. त्याच्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "घरी चल. आईशी बोलायचंय."

दवाखाना नदीच्या पलीकडं. पूल ओलांडून तिकडं जाणाऱ्या माणसांकडं आमच्या गावात कुणी बघत नसे, म्हणजे बघत सगळे, पण ओळख देत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा, आई, मी आणि बाई असे चौघं त्या पुलावरून गेलो. बाईंना आईनं बोलावलं नव्हतं. त्या वेशीपाशी उभ्या होत्या आणि आमच्यामागून चालू लागल्या.

डॉक्टर कोठावळे म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी माझी दोन्ही कोपरं चाचपली, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत कागद धरायला सांगितला आणि तो सहज ओढून घेतला. चट्ट्यावर कापूस फिरवला. मग त्यांनी नाव घेतलं. महारोग म्हणाले नाहीत, कुष्ठरोग म्हणाले. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, म्हणाले, आज गोळ्या सुरू केल्या की हिच्यापासून कुणाला काही होणार नाही, एका ताटात जेवा. पप्पांनी मान हलवली. आई नुसती माझा हात धरून बसली होती.

"आणि बोटं?" तिनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, रोग वेगळा आणि नस वेगळी. रोग जाईल. पण कोपरातली नस सुजली होती, तिला विश्रांती हवी होती, वेगळी औषधं हवी होती. सुरुवातीला आणलं असतं तर बोटं बहुतेक परत आली असती. आता प्रयत्न करू.

"हाताला काही जड काम होतं का?"

"सराव," मी म्हणाले.

"बोटं वाकायला लागली कधीपासून?"

मी आईकडं पाहिलं. आईला माहीत नव्हतं. उत्तर मागच्या खुर्चीवरून आलं.

"पावसाच्या आधीपासून," आढावबाई म्हणाल्या.

पप्पा गोळ्या आणायला गेले. आम्ही तिघी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो, मी मधे. आईनं समोर बघतच विचारलं, "तुम्हाला दिसलं होतं, बाई?"

बाईंनी रुमालाची गाठ सोडली आणि पुन्हा मारली.

"माझी आई असल्याच दवाखान्यात होती," त्या म्हणाल्या. "हा नव्हे, लांबचा. मला तिच्यापासून काढून वसतिगृहात ठेवलं, निरोगी मुलांच्या. भेटायला नेत रविवारी. असाच बाक असायचा. मधे चुन्याची रेघ मारलेली. ती पलीकडं, मी अलीकडं."

आईनं माझा हात घट्ट धरला.

"मी तेव्हा नवीन नवीन पियानो शिकत होते. तिला बाकावर शिकवायची. एक, दोन, तीन, चार, पाच. तिची चौथं आणि पाचवं उठायची नाहीत. मी तिला रागवायची. म्हणायची, तू सराव करत नाहीस. ती म्हणायची, पुढच्या रविवारी करून दाखवते बघ."

व्हरांड्याच्या टोकाला एक म्हातारा दोन तळहातांच्या मधे कप धरून चहा पीत होता. बाई त्याच्याकडं बघत बोलत होत्या.

"हिची करंगळी बाजूला पडली त्याच दिवशी मला आईची करंगळी ओळखू आली. मग मी मनाला म्हटलं, सुगंधा, तुला प्रत्येक वाकड्या बोटात तीच दिसते. बोट आळशी आहे. त्याला काम दे."

मग आईनं मान वळवली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"माझी पोर तुमची आई नव्हती, बाई."

"नाही," आढावबाई म्हणाल्या.

परत येताना त्या आमच्याबरोबर आल्या नाहीत. पुलावरून मी मागं वळून पाहिलं तर त्या बाकावरच होत्या.

गोळ्या झाल्या. चट्टा गेला. कोपराला फळी बांधून महिनोन् महिने ठेवलं. मग दवाखान्यातल्या व्यायामाच्या ताईंनी तेल लावून बोटांचे व्यायाम शिकवले: बाकीची बोटं दाबून धरायची आणि एकच उचलायचं. त्या म्हणाल्या, तुला किती पटकन समजतं गं. चौथं थोडं आलं. पाचवं आलं नाही. दोघं वाकलेलीच राहिली, आतल्या बाजूला, काहीतरी धरून ठेवल्यासारखी.

पाचगणीला दुसरी कुणी मुलगी गेली. देवळात आमच्या बाकावर काही दिवस जागा मोकळी राहायची, मग नवीन पाळक आले, त्यांची बायको मुद्दाम आमच्या शेजारी येऊन बसू लागली, आणि हळूहळू बाक भरला. बाई रविवारी वाजवत राहिल्या. आईनं त्यांना घरी बोलावलं नाही. पहिल्या नाताळला त्या दारापर्यंत आल्या होत्या, आईनं दारातच करंज्यांचा डबा हातात दिला आणि दार लोटून घेतलं. त्या वर्षी करंज्यांना नावं ठेवायला कुणी नव्हतं. पप्पांनी ती पट्ट्या आखलेली फळी डब्यांच्या मागं उलटी ठोकली, मांडणीची पाठ म्हणून. पट्ट्या भिंतीकडं आहेत.

बाई वारल्या तेव्हा मी गरोदर होते, मला जाऊ दिलं नाही. आई गेली. तिनं बाईंच्या हातात फुलं दिली, आणि मला फोनवर एवढंच म्हणाली की त्यांची बोटं फार सरळ होती गं, अगदी शेवटपर्यंत.

माझ्या नवऱ्याला लग्नाआधी सगळं सांगितलं होतं. त्यानं माझा हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, गरम भांडं कोण उतरवणार? तोच उतरवतो. मुलीच्या आंघोळीचं पाणी मी डाव्या हातानं बघते.

ती आता सात महिन्यांची आहे. दुपारी झोपताना तिला धरायला काहीतरी लागतं. अंगठा दिला तर सोडून देते, शेजारचं बोट दिलं तर चावते. तिला हवी असतात ती उजव्या हाताची शेवटची दोन. ती आधीच वाकलेली आहेत, तिची मूठ त्यात बरोबर बसते. डॉक्टरांकडं, आजीकडं, देवळात, कुठंही, ती चाचपत येते आणि तीच दोन पकडते. तिच्याशिवाय कुणी कधी ती मागितली नव्हती.

ती झोपली की मला उठता येतं, भांडी घासता येतात, ह्या अशा चार ओळी लिहिता येतात. पण तिची पकड सुटली की नाही हे मला आतून कळत नाही. म्हणून मी तिच्याकडं बघत बसते. तिची बोटं एकेक करून सैल पडतात. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं. करंगळी सगळ्यात शेवटी सोडते, ती सुटताना मी नीट बघते, आणि मग हात काढून घेते.